एकच प्रवासी

"इथे एकच प्रवासी दिसतोय," काउंटरवरची मुलगी म्हणाली. पडद्यावरची नजर न काढताच तिने दोन्ही पासपोर्ट पुन्हा जवळ ओढले.

त्याला हसू आलं. अर्धं आयुष्य असल्या काउंटरांवर कोपर टेकून उभं राहण्यात गेलेलं. यंत्र कधी कधी अडकतं, पुन्हा हलवलं की सुटतं, हे त्याला काय कोणी शिकवायला हवं होतं? "परत एकदा टाकून बघा," तो म्हणाला. कारखान्यातल्या नव्या पोरांना तो ज्या आवाजात सांगायचा, त्याच आवाजात. मुलीने परत टाकून बघितलं. बायको त्याच्या डाव्या हाताला उभी होती, बॅगेची मूठ दोन्ही हातांनी धरून, जणू कोणी हिसकावूनच नेणार आहे. बॅग नवी कोरी होती, कारण घरातल्या बाकीच्या बॅगा त्याच्या होत्या आणि त्यांची चाकं झिजून गेली होती. बायकोची विमानात बसायची ही पहिलीच वेळ. "काय झालं हो?" तिने हळूच विचारलं. "काही नाही गं. मशीन आहे," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याने मुलीच्या कळफलकाच्या आवाजाला कान लावला. कारखान्यात ट्यूब बंद करणारा यंत्राचा जबडा केसभर चुकीच्या जागी मिटला की तो असाच कान लावायचा. डोळ्याला कळायच्या आधी कानाला कळायचं.

मलम, गोंद, टूथपेस्ट, जगात जे जे म्हणून ट्यूबमध्ये भरलं जातं, ते भरणारी यंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा पेशा. कुठल्या तरी गावात एखादं यंत्र थांबायचं, ट्यूबांची रांग उघड्या तोंडाने खोळंबून राहायची, मालकाचा जीव टांगणीला लागायचा, आणि कंपनी याला पुढच्या विमानाने पाठवून द्यायची. परत आला की कपड्यांना वास असायचा. बायको दारातच शर्टाशी नाक नेऊन म्हणायची, "पुदिना. म्हणजे टूथपेस्ट. मागच्या वेळचं मलम बरं होतं, निदान सर्दी गेली माझी." ती दुपारच्या वेळी चष्म्याच्या दुकानात काम करायची, लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून द्यायची. माणसाचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर असतो, हे जगातल्या कुठल्याही बायकोपेक्षा तिला जास्त माहीत होतं. दोघांना मूलबाळ झालं नाही. तो विमानात असायचा आणि ती घरात, मधे फोन. इतर पुरुषांना काही ना काही नाद असतो, दारूचा, पत्त्यांचा, शेअर बाजाराचा. याला एकच नाद होता, विमानाच्या मैलांचा. प्रत्येक उड्डाणाचे मैल विमान कंपनी त्याच्या खात्यावर जमा करायची, पुरेसे साठले की फुकट तिकीट, आणि ते त्याच्या मनातही जमा व्हायचे. "तुमच्या त्या मैलांचं लोणचं घालायचं का?" बायको विचारायची. "निवृत्त झालो की बघ. तुला फिरवतो की नाही." ती हसायची. ते हसणं विश्वासाचं होतं की अविश्वासाचं, हे त्याने कधी थांबून बघितलं नव्हतं; टॅक्सी खाली उभी असायची.

आणि मग निवृत्त व्हायच्या सुमाराला, ज्या विमान कंपनीने तो कायम उडायचा ती जुनी कंपनी एका मोठ्या कंपनीला विकली गेली. आधी वाटलं, आपल्याला काय त्याचं. विमानं तीच, आकाश तेच. पण बघता बघता शेपटांवरचे रंग बदलले, मग हवाईसुंदऱ्यांच्या गळ्यातले रुमाल, मग मैलांना पॉइंट म्हणायला लागले, आणि मैलाचे पॉइंट होता होता ते निम्मेच भरले. 'तुमचे मैल आमच्याकडे सुरक्षित आहेत' असा निरोप आला तेव्हाच तो मनात चरकला होता. यंत्राच्या मालकांनाही तो असाच धीर द्यायचा, सगळं बिघडलेलं असलं की. जुन्या कंपनीची एका परदेशी कंपनीशी भागीदारी होती, तिचं विमान थेट बायकोच्या अक्काच्या शहराला जायचं. मोठ्या कंपनीने ती भागीदारी मोडली आणि दुसऱ्याच कोणाशी हात मिळवले. आता अक्काकडे जायचं तर मधे एका भल्यामोठ्या विमानतळावर उतरून विमान बदलायचं. हे सगळं तो बायकोला जेवताना सांगायचा, तावातावाने, कोणीतरी घरातलंच माणूस उलटल्यासारखं. ती म्हणायची, "अहो, दोन दुकानं एक झाली की पाटी बदलणारच. आमच्याकडे नाही का झालं? नवीन मालकाने आधी आमचा पंखा नेला." तिला ते एवढ्यावर कळत होतं. त्याला मात्र वाटायचं, ज्या दारातून आपण वर्षानुवर्षं गेलो, लाउंजच्या त्या दारातून, जिथली बाई त्याला आडनावाने हाक मारून 'बऱ्याच दिवसांनी' म्हणायची, त्या दाराने आपल्याला न विचारता जागा बदलली.

अक्का म्हणजे बायकोची मोठी बहीण. इतकी मोठी की बायकोच्या वेण्या तिनेच घातलेल्या, शाळेत तीच सोडायला जायची, आणि लग्नात रडायची पाळी आली तेव्हा आई राहिली बाजूला आणि अक्कालाच आवरायला तीन बायका लागल्या. मुलाबरोबर परदेशी गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. याला ती 'विमानवाले' म्हणायची. फोन चुकून याने उचलला तर, "काय विमानवाले, आज जमिनीवर कसे?" अलीकडे अक्का विसरायला लागली होती. आधी गॅसवरचं दूध, मग वार, मग माणसं. भाच्याचा फोन आला होता, "मावशी, येणार असशील तर आताच ये. मला ती दादा म्हणते, तिच्या मोठ्या भावासारखं. माझ्या बायकोला काय म्हणते ते विचारू नकोस. पण रोज सकाळी उठली की एकच विचारते, धाकटी आली का?" ते ऐकल्यावर बायको कपाटातला एकेक कपडा काढून बिछान्यावर ठेवत गेली होती आणि परत घडी घालून आत. धाकटी. तो शब्द अक्काच्या डोक्यात अजून जागच्या जागी होता, आणि किती दिवस राहील हे कोणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून त्याने साठवलेलं सगळं बाहेर काढलं. एक जागा स्वतःच्या खात्यावरून घेतली. दुसरी बायकोच्या.

"काका," मुलगी म्हणाली. 'सर'वरून ती 'काका'वर आली तेव्हाच त्याने ओळखलं की हे काही साधं नाही. "तुम्ही मागच्या आठवड्यात दोन खाती एकत्र केलीत का?"

"केली. तुमच्याच ॲपने विचारलं होतं. करायची का म्हणून."

"ते एकाच माणसाची दोन खाती असली तर विचारतं. जुन्या कंपनीतलं एक आणि आमच्यातलं एक. मग दोन्हीचं एक करतं. आणि एकाच माणसाची त्याच विमानात दोन तिकिटं दिसली की त्यातलं एक काढून टाकतं."

"पण आम्ही दोन माणसं आहोत!" तो म्हणाला. मागच्या रांगेतल्या कोणीतरी मान वर केली. "हे बघा, मी. आणि ही माझी बायको. डोळ्यांसमोर दोघं उभे आहोत ना तुमच्या?"

"मला दिसताय काका. त्याला नाही दिसत. फोन एक, पत्ता एक, ईमेल एक…"

"नवराबायकोचा पत्ता एकच असणार. का आता वेगळं राहायचं तुमच्या कंपनीसाठी?"

मुलगी ओशाळून हसली. "तेवढ्याने नाही हो होत. पुष्कळ नवराबायको असतात. नावात लोक फार चुका करतात, म्हणून ते जन्मतारखेवर जातं. तुमची दोघांची जन्मतारीख एकच आहे. वर्षासकट."

बायकोने बॅगेची मूठ सोडली. "कोणाची जन्मतारीख?"

कोणत्या तरी दुसऱ्या विमानाची घोषणा चालली होती. त्याला ती शब्दन् शब्द ऐकू आली. मग त्याला एका मोठ्या दुकानाचा चकचकीत दरवाजा आठवला, आणि दरवाज्याच्या आतलं टेबल. टेबलामागे मोठ्या कंपनीचा एक पोरगा, गळ्यात टाय. सभासद व्हा, लगेच मैल घ्या. हा स्वतः जुन्या कंपनीचा प्रवासी, पण मैल फुकट मिळतात म्हटल्यावर पाय थबकले. तेव्हा त्याने बायकोच्या नावाने खातं काढलं. पुढे घरातल्या खरेदीचे, वाणसामानाचे, औषधांचे पॉइंट वर्षानुवर्षं त्या खात्यावर पडत राहिले. पोराने विचारलं होतं, मॅडमची जन्मतारीख? आणि तो एकदम रिकामा झाला होता. थंडीत असते, एवढं ठाऊक होतं. तिच्या दुकानातल्या बायका त्या दिवशी तिला लवकर सोडायच्या, तेही ठाऊक होतं. पण तारीख? वाढदिवसाला तो बहुतेक बाहेर असायचा; परतल्यावर ती म्हणायची, झाला परवा, आणि विषय संपायचा. पोरगा पेन धरून थांबला होता. पेन थांबलेलं असलं की माणसाला उगाच घाई होते. त्याने स्वतःचीच तारीख सांगून टाकली. घरी गेल्यावर विचारून बदलू म्हणाला, आणि मग कुठेतरी गोंदाच्या कारखान्यात यंत्र थांबलं.

आता बायको त्याच्याकडे बघत होती. रागावून नव्हे. दुकानात गिऱ्हाईक चष्मा लावून उभं राहिलं की कुठली बाजू खाली आहे हे बघायला ती मान जराशी कलती करायची, तशी तिची मान कलली होती. "तरीच," ती म्हणाली, "दर वर्षी तुमच्या वाढदिवसाला दोन दोन शुभेच्छा यायच्या. मला वाटायचं, कंपनीचा फार जीव आहे तुमच्यावर." काउंटरवरच्या मुलीला हसू आवरेना, तिने तोंड खाली घातलं. त्यालाही हसायचं होतं. चेहऱ्याला ते जमलं नाही. दर वर्षी दोन शुभेच्छांतली एक तो पुसून टाकायचा. तिची होती ती.

"मग राहिलं कोणाचं?" त्याने विचारलं. "तिकीट?"

"काकूंचं. एकत्र करताना आमच्या कंपनीतलं खातं ठेवतात, बाहेरून आलेलं त्यात ओततात. तुमचे सगळे मैल, रद्द झालेल्या तिकिटाचेसुद्धा, काकूंच्या खात्यात आहेत. काहीच गेलेलं नाही काका," मुलगी समजूत घातल्यासारखी म्हणाली. "काकू आता गोल्ड झाल्यात."

सगळे मैल. पहाटेची टॅक्सी, ढगात हादरणारी खुर्ची, कागदात गुंडाळलेला गार पाव, अनोळखी हॉटेलातली खरखरीत उशी, आणि वर्षाच्या शेवटी केलेल्या त्या वाकड्या वाटा. हो, तेही. वर्ष संपत आलं आणि सोनेरी कार्ड टिकवायला थोडे मैल कमी पडत असले की तो सरळ घरी यायचा नाही. एखादं लांबचं तिकीट घ्यायचा, उगाच एका गावाला जाऊन तिथून परत, विमानतळाबाहेरसुद्धा पडायचं नाही, नुसतं मैलांसाठी. एकदा तर रात्रीचं घरी पोहोचणं सोडून दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचला होता. बायकोने विचारलं, यंत्र फार बिघडलं होतं का? तो हो म्हणाला. तिने पाणी तापवून दिलं, त्याचे पाय सुजले होते. सुजणारच. एवढा वेळ हवेत बसून होता तो, घराच्या वरूनच एकदा गेला असेल. आता ते पायसुद्धा तिच्या खात्यात. नवल म्हणजे त्याला तिचा हेवा वाटला नाही. कोणीतरी खिसा कापावा आणि आत बघावं तर खिशात आपलं काहीच नव्हतं, असं काहीसं वाटलं.

मग त्याने जे करता येईल ते सगळं केलं. मुलीचा वरिष्ठ बोलावला. वरिष्ठ सज्जन होता, त्याने याचं जुनं कार्ड हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं, घरी ठेवलेल्या जुन्या नाण्यासारखं, आणि म्हणाला, "यावर मीही लहानपणी वडिलांबरोबर लाउंजमध्ये गेलोय हो." पण विमान भरलेलं होतं. सुट्ट्या लागल्या होत्या, उद्याचं भरलेलं, परवाचंही. पुढच्या महिन्यात पॉइंटवर दोन जागा एकत्र देता येतील. कोणी आयत्या वेळी आलंच नाही तर म्हणून नाव वाट बघणाऱ्यांत टाकतो, पण तुमच्या आधी पुष्कळ आहेत. हा ऐकत होता, मान हलवत होता, आणि आपल्याला स्वतःचाच आवाज लांबून ऐकू येतोय असं त्याला वाटत होतं. शेवटी तो बायकोकडे वळला. "मग असं करू," तो म्हणाला. "दोघंही पुढच्या महिन्यातच जाऊ. एकत्र. काय?"

ते त्याला अगदी शहाणपणाचं वाटलं होतं, तोंडातून बाहेर पडेपर्यंत. बाहेर पडल्यावर मात्र ते दोघांच्या मधे तसंच लोंबकळत राहिलं. बायको बॅगेच्या चाकाकडे बघत होती. आणि त्या तेवढ्या वेळात त्याने स्वतःच्या मनात डोकावून बघितलं तर तिथे एक लहानशी, लबाड आशा बसलेली होती. ती म्हणेल, हो, तुमच्याशिवाय मी कुठे जाणार? ती मूठ परत त्याच्या हातात देईल. दोघं घरी जातील, आणि तो पुन्हा विमानवाला होईल. त्याला त्या आशेची लाजही वाटली, पण ती उठून जाईना.

"पुढच्या महिन्यात अक्का कोणाला विचारील?" बायको म्हणाली. त्याला नव्हे, चाकालाच विचारल्यासारखं. मग तिने मान वर केली आणि काउंटरवर दोन्ही हात ठेवले. दुकानाच्या काउंटरवर ठेवायची तसेच, पण आज ती पलीकडे नव्हती, अलीकडे होती. "बाळ, माझं तिकीट चालू आहे ना?"

"आहे काकू."

"मग घे ही बॅग."

बॅग पट्ट्यावर गेली. मुलीने तिच्या मुठीला सोनेरी पट्टी बांधली, आधी उतरवायच्या सामानाची. त्याच्या बॅगांना ती असायची. घरी आल्यावर बायको कात्रीने ती कापून टाकायची. पट्टा हलला, रबरी झालर वर झाली आणि बॅग आत गेली. आता त्याच्याकडे द्यायला काय उरलं? माहिती उरली. आतल्या दाराकडे चालता चालता तो तिला सांगत सुटला. मधल्या विमानतळावर उतरलीस की गर्दीच्या मागे जाऊ नको, गर्दी बाहेर पडते, तुला बाहेर पडायचं नाही. निळ्या पाटीच्या मागे जा. पुढे छोटी गाडी लागते, ड्रायव्हर नसतो तिला, घाबरू नको. उतरलीस की डावीकडे कॉफीचं दुकान, त्याच्या समोर पडदे, त्यावर बघ. पडद्यावरचा आकडा बदलतो, पुन्हा पुन्हा बघत राहा. पाणी पीत राहा. कान दुखले तर जांभई दे. पासपोर्ट कोणाच्या हातात… आणि बोलता बोलता मधेच त्याच्या लक्षात आलं की हे सगळं जुन्या कंपनीच्या इमारतीतलं आहे. निळ्या पाट्या, छोटी गाडी, कॉफीचं दुकान. मोठ्या कंपनीची विमानं कुठे उतरतात हे त्याला माहीतच नव्हतं. तो तिला एका अशा विमानतळाचा नकाशा देत होता जो आता फक्त त्याच्या डोक्यात उभा होता. त्याने वाट दाखवायला उचललेला हात खाली घेतला.

"झालं?" बायकोने विचारलं.

"तिथे बदललंही असेल सगळं," तो म्हणाला.

"असू दे. तोंड आहे ना मला? विचारत जाईन." तिने त्याची कॉलर सरळ केली. मग त्याचा चष्मा काढला, दांडी किंचित दाबली, परत नाकावर बसवला. "एका बाजूला उतरला होता. सकाळपासून बघतेय. आणि हे बघा, फोनजवळ बसून राहू नका. पोहोचले की करीन. दूध आणलेलं आहे."

"सोनेरी आहेस तू," तो म्हणाला. "लाउंज उघडं आहे तुला. खुर्च्या चांगल्या आहेत. काजू असतात."

"तुम्ही फोनवर ते काजूच खात बोलायचात ना? मला वाटायचं लाइन खराब आहे," ती म्हणाली, आणि काचेच्या दारातून आत गेली. रांगेत तिच्या पुढे एक उंच माणूस होता. त्याच्या खांद्याआडून तिचा एक कान दिसत होता, मग कोपर, मग नुसती पर्स, मग कोणाचं तरी दुसरंच काही.

तो उभा राहिला. विमानतळाची ही बाजू त्याने कधी बघितलीच नव्हती. दारापर्यंत आलो की आत जायचं, हे त्याच्या पायांना एवढं मुरलेलं होतं की ते दोनदा पुढे झाले आणि दोनदा पहारेकऱ्याने त्याच्याकडे बघितलं. निरोप द्यायला आलेली माणसं कुठून बाहेर पडतात? तीही कधीतरी आली होती सोडायला, सुरुवातीच्या दिवसांत. आत गेल्यावर त्याने मागे वळून बघितल्याचं त्याला आठवेना. बाहेर पडायची वाट एका खांबामागे निघाली, साधी, अरुंद, लादी उखडलेली. बसथांब्यावर त्याच्यासारखीच काही माणसं रिकाम्या हातांनी उभी होती. रिकाम्या हातांचं काय करायचं हे कोणालाच कळत नव्हतं. एक बाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत होती. एक म्हातारा फोनकडे बघून पुन्हा खिशात ठेवत होता, पुन्हा काढत होता. बस आली तेव्हा चढायची घाई कोणालाच नव्हती.

घर उघडलं तर घरात कोणी नव्हतं. म्हणजे अर्थात कोणी नसणारच होतं, पण निवृत्त झाल्यापासून त्याने कुलूप उघडलं की आतून काहीतरी यायचं. भांड्याचा आवाज, 'कोण ते' म्हणून हाक, निदान नळ. आता नुसता फ्रिज घरघरत होता. मोटरचं बेअरिंग गेलेलं आहे, त्याच्या कानाने लगेच सांगितलं. किती दिवसांपासून असेल? तिने कधी तक्रार केली नाही; कदाचित त्या घरघरीची तिला सोबत असेल. तो खुर्चीत बसला. फोन समोरच्या स्टुलावर ठेवला. उठला, फोन जरा जवळ ठेवला. ती आता आकाशात असेल, असं मनाशी म्हणायला गेला आणि तो विचार त्याला पेलवेना. आकाशात तो असायचा. आकाशात असताना खाली कोणीतरी खुर्चीत बसलंय, आणि दुधाकडे लक्ष नाही, आणि रस्त्यावर गाडी थांबली की कान टवकारतंय, असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. त्याला वाटायचं, आपण निघालो की घर थांबतं आणि परतलो की पुन्हा चालू होतं, यंत्रासारखं. दुपार खिडकीतून फरशीवर आली, फरशीवरून हळूहळू भिंतीवर चढली. भिंतीवर पलंगावर बसलेल्या माणसाच्या उंचीला एक तेलकट डाग होता, डोकं टेकून टेकून पडलेला. तिच्या डोक्याचा. तिथून रस्ता दिसत होता.

दिवस मावळायच्या सुमाराला फोन वाजला. त्याने इतक्या घाईने उचलला की तो हातातून सुटता सुटता राहिला.

"अहो, उतरले. मधल्या गावाला. फाटकाशी बसलेय."

"सापडलं? कसं सापडलं? पाट्या होत्या?"

"पाट्या कोण वाचतंय. एक फरशी पुसणारी बाई होती, तिचा चष्मा सारखा घसरत होता. वाकली की घसरायचा, वर ढकलायची, परत घसरायचा. मी म्हटलं थांब. भाषा कळत नव्हती तिची मला, माझी तिला. काढला, वाकवला, बसवला. तिने मला हाताला धरून फाटकापर्यंत आणून सोडलं. आणि अहो, मोजता येणार नाहीत इतकी माणसं आहेत हो इथे. तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"काय?"

"एवढी माणसं असतात म्हणून. तुम्ही नुसतं यंत्राचं सांगायचात." मागे कसलीशी घंटा वाजली. "चला, बोलावतायत. मला आधी बोलावतायत बरं का, सोनेरीवाल्यांना. ठेवते."

ती मजेत होती. त्या मजेत त्याच्यासाठी जागा नव्हती असं नाही, पण ती जागा खिडकीशी नव्हती. त्याने दूध तापवलं, कपात ओतलं, आणि तिथेच विसरला. अक्का ओळखेल का? हा प्रश्न सकाळी दोघांचा होता. आता इथे तो एकटा आणि तिथे ती एकटी, दोघं तो प्रश्न दोन टोकांनी धरून होते. अक्काने नाही ओळखलं तर? दारात उभी राहून ती काय करील? तिच्या खांद्यावर हात ठेवायला तिथे तो असणार नव्हता. आणि असता तरी त्याने ठेवला असता का? कदाचित विमानाबद्दल काहीतरी बोलला असता. कुठल्या भागीदारीमुळे किती उशीर झाला ते भाच्याला समजावून सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन आला नाही. आला तेव्हा चित्रासकट आला, भाच्याच्या फोनवरून. आधी छत दिसलं, मग भाच्याची हनुवटी, मग खिडकीजवळची एक मोठी खुर्ची, आणि खुर्चीत अक्का. केवढीशी झालेली! मांडीवर शाल, डोळे मात्र तेच, कोणाची तरी चूक पकडायला टपलेले. तिच्या पायाशी बैठ्या स्टुलावर बायको बसली होती, पाठमोरी, कारण अक्काने तिचे केस मोकळे सोडले होते आणि बोटांनी तीन पेड वेगळे करत होती. पेड सुटत होते. ती परत धरत होती.

"काका, दारात बघितलं आणि पहिलं काय म्हणाली माहितेय?" भाच्याचा आवाज बसलेला होता. "उशीर केलास. आणि काय हे केस."

पडद्यावर बायकोने मान हलवू न देता डोळे तेवढे त्याच्याकडे वळवले. डोळे लाल होते आणि चेहरा एखाद्या शाळकरी मुलीसारखा धुतलेला दिसत होता. ती पोहोचली होती. वेळेवर पोहोचली होती, आणि तिथे पोहोचणारी ती एकटीच होती, त्याच्या सगळ्या मैलांवर बसून.

अक्काची बोटं थांबली. तिने फोनकडे बघितलं, जवळून, भुवया आक्रसून. त्याने नकळत केस नीट केले, पाठ सरळ केली. आता ती 'काय विमानवाले' म्हणेल, असं त्याला वाटलं. "हा कोण गं?" अक्काने विचारलं.

भाचा घाईघाईने काही सांगायला गेला, बायकोने हाताने त्याला थांबवलं. ती विचार करत होती. त्याच्याबद्दल काय सांगावं, अक्काला कळेल असं आणि खोटं नसेल असं, हे ती खरोखरच शोधत होती, आणि तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. यंत्र चालू करून पहिली ट्यूब बाहेर यायची वाट बघावी तसा.

"हे होय?" बायको म्हणाली. "हे घरी असतात."

"अस्सं," अक्का म्हणाली. तिला ते पटलं. तिने पुन्हा पेड हातात घेतले. "मग जेवलाय का विचार त्याला."

त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. कालचं दूध अजून कपात होतं, त्यावर साय धरलेली.

"जेवलो," तो म्हणाला.

"खोटं," दोघी बहिणी एकदम म्हणाल्या.